कावळ्याला दिलेला शब्द

३ मे १९९१
आज कालिंदीचा दहावा. खाडीकाठी पिंड ठेवले. बराच वेळ एकही कावळा शिवेना. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तिचाही नव्हता. पण कावळे समोरच्या झाडावर बसून आमच्याकडे बघत होते आणि भटजी घड्याळाकडे. माझ्या मेव्हण्याने मला आयुष्यभर सांभाळायचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत. त्यांना तो माहीत असावा.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले तेव्हा मी पुढे झालो. म्हणालो, "तुझी बाळकुमची बाग अर्धी राहिलीय. वर्षश्राद्धाच्या आत मी पुरी करतो." शेजारी मनू, माझी डोंबिवलीची धाकटी बहीण, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. श्लोक असावा. त्याच क्षणी कावळा आला.

विश्वास नाही. पण निश्चय पक्का.

६ मे
बाग आमच्या सोसायटीच्या मधोमध आहे. कुठल्याशा जुन्या सरदाराची. दगडी तळं, बकुळीची झाडं. बिल्डर तळं बुजवणार होता, कालिंदी आडवी आली. लँडस्केप आर्किटेक्ट म्हटलं की लोक 'कुंड्या कुठे विकता?' असं विचारायचे, तेव्हापासून ती संस्थानिकांच्या पडक्या बागा पुन्हा उभ्या करत होती. या कामात तिच्याआधी बाई नव्हतीच. सुट्टी काढून मी बरोबर जायचो. मोजमापाच्या टेपचं एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. म्हणजे अर्धं काम माझंच. कित्येक साइटवर लोक मलाच आर्किटेक्ट समजत. मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे तो समज पक्का होई.

तिचा नकाशा कपाटातून बाहेर काढला. बकुळींच्या मधली मोठी जागा कोरी आहे. बिचारीला वेळ मिळाला नाही. तिथे कारंजं करायचं, वर दोन हंस. मनूला फोनवर सांगितलं. तिने तीनदा विचारलं, "हंस?" आनंदाने असं होतं.

२१ मे
उद्यापासून खोदाई. मनू पन्हं घेऊन आली होती. जाताना कापडात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी रिक्षात घातलं. पडद्याचा रॉड म्हणे.

२२ मे
कुदळ सापडत नाही. माळी धाकू म्हणाला, काल होती. हे सांगताना तो तळ्याकडे बघत होता. नोकरमाणसं फार विसराळू झाली आहेत. खोदाई पुढे ढकलली.

१६ जून
मनू म्हणते, पावसाळाभर डोंबिवलीला ये, एकटा राहू नकोस. घरात कालिंदीचे गमबूट दाराशी तसेच आहेत. दर वेळी मी अडखळतो. हलवायचे म्हणतो. जातो डोंबिवलीला. मोठे आर्किटेक्ट रोज साइटवर कुठे जातात? (कालिंदी जायची. छत्री घेऊन, पावसात पाणी कुठून वाहतं ते बघायला. पण तो तिचा स्वभाव.)

९ सप्टेंबर
अजून डोंबिवलीतच. मनू म्हणते, गणपती करून जा. मनात कारंज्याचं डिझाइन पूर्ण झालं आहे. अवघड भाग संपला.

१४ ऑक्टोबर
मनू म्हणते, दसरा करून जा. मी हल्ली फार प्रिय झालो आहे.

१९ नोव्हेंबर
बाळकुमला परत. वागळे इस्टेटमध्ये नोकरी केली त्याचा उपयोग झाला. तिथे सिमेंटच्या मूर्ती करणारा पोपट म्हणून एकजण आहे, त्याला हंसांची ऑर्डर दिली. आजवर त्याने मंगल कार्यालयांसाठी सिंहच केले आहेत. म्हणाला, "हंस काय साहेब, मान लांब केली की झालं." माणसाला कामाची समज आहे.

२० डिसेंबर
नवी कुदळ आणून खोदाई सुरू. गावातली चंद्रभागा कोळीण बकुळीखाली जुनं पातळ अंथरून फुलं वेचते, सोसायटीतल्या बायकाही तिथेच बसतात. मी उठायला सांगितलं. चंद्रभागा म्हणाली, "दादा, फुलं पडायची कुठं मग?" कारंज्यात, असं मी सांगितलं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कल्पना नवी असली की वेळ लागतो.

२ फेब्रुवारी १९९२
हंस आले. चेहरा सिंहाचाच आहे. पण लांबून दरारा वाटतो. कालिंदीच्या कुठल्याच बागेत दरारा नव्हता.

८ मार्च
कारंज्याची ट्रायल. पाणी वर न जाता वॉचमनच्या केबिनमध्ये गेलं. दिशा सोडली तर प्रेशर उत्तम.

२९ मार्च
पाइप बदलला. आता बकुळीची फुलं पंपात अडकतात. रोज उपसतो, रोज पडतात. दोन झाडं काढली तर प्रश्न सुटेल. सेक्रेटरी तयार आहेत, त्यांना तिथे स्कूटर लावायची आहे. मनू सकाळी पहिल्या गाडीने आली. चहासुद्धा घेतला नाही. "श्राद्ध होईपर्यंत झाडाला हात लावलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही," म्हणाली. बायका अशा बाबतीत भावनाप्रधान असतात. थांबतो.

१३ एप्रिल
वर्षश्राद्ध. कावळ्याचं पान कारंज्याच्या कठड्यावर मीच ठेवलं, म्हणजे तिलाही काम दिसेल. कावळे बकुळीवर भरपूर होते. एकही खाली येईना. मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत पंप नक्की." कावळे एक फांदी वर गेले.

मनू पदर सावरून उभी राहिली. म्हणाली, "दादा, गेल्या वर्षी कावळा तुझ्या शब्दाने शिवला नव्हता."

मग तिने सांगितलं. हॉस्पिटलात कालिंदी तिला म्हणाली होती, बाग पुरी झालेली आहे. बकुळींच्या मधली जागा रिकामीच ठेवायची, फुलं पडायला. एवढीच तिथली योजना. आणि त्या दिवशी खाडीकाठी मनू पुटपुटत होती तो श्लोक नव्हता. ती म्हणत होती, "वहिनी, दादाला बागेला हात लावू देणार नाही." तेवढ्यावर कावळा आला. जुनी कुदळ वर्षभर मनूच्या पलंगाखाली आहे.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

मनूने डोळे पुसले. म्हणाली, "मी तेच विचारलं. म्हणाली, त्याला वाटू दे अर्धं काम त्याचं आहे. त्याच्यासारखं टेपचं टोक कोणी धरलं नाही. कधी हलू दिलं नाही."

मी वाकून पंपात अडकलेली फुलं काढली. मग हळूच म्हणालो, "मोडतो."

कावळा आला. आधी भाताला शिवला, मग हंसावर बसून त्याला जे करायचं होतं ते केलं.

२० एप्रिल
पोपट हंस घेऊन गेला. शीळफाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयाने ते सिंह म्हणून पसंत केले आहेत.

धाकूने खड्डा बुजवला, जुन्या कुदळीने. मी सवयीने टेप घेऊन गेलो होतो. मोजण्यासारखं काही नव्हतं. चंद्रभागा पातळ अंथरत होती, वाऱ्याने ते उडत होतं. म्हणाली, "दादा, जरा टोक धरा."

धरलं. हलू दिलं नाही.