नानीएवढा खांब

३ जानेवारी, कुसगाव
पवनानगरहून जीपनं आले. वाटेत कुणीतरी माझ्या मांडीवर कोंबडी ठेवली. अख्ख्या जीपमधी तीच काय ती गप्प बसली. नात सुमय्या हितं नोकरीला. शिकली लय, पण भाकरी थापता येत न्हाई, म्हणून मला बोलावलं. खोली झ्याक. मागं डोंगर, डोंगरात जुनं बंद भुयार. त्यातली हवा कशी गिरक्या घेत जाते ते ही मोजते. मी विचारलं, पायलीनं मोजतेस का शेरानं? लोळून हसली. वही तिनंच दिली, चौथीपर्यंतचं अक्षर गंजू नये म्हणून.

६ जानेवारी
डबा घेऊन भुयारात गेले. आत चार तारेच्या जाळ्या, एकामागं एक, चौथी सगळ्यात आत. जाळीला लोकरीचे धागे. हवा वळेल तसा धागा वळतो, कॅमेरा टिपतो. मग कॉम्प्युटर तसंच भुयार पडद्यावर काढतो आणि त्यात हवा सोडून बघतो. दोन्हीकडची हवा जुळली की काम फत्ते. खळ्यावर उफणताना आमी वारा गालानं ओळखायचो. आमाला कुणी इंजिनेर म्हटलं न्हाई.

९ जानेवारी
जुळत न्हाई. चौथ्या जाळीपाशी हवा दुभंगते, जणू मधी काही उभं आहे. जाळ्या बांधणारा कैलास, पन्नाशीचा बाप्या, बॅटरी घेऊन बघून आला. काही न्हाई. सुमय्यानं कॉम्प्युटरात त्या जागी एक खांब उभा केला, तवा तंतोतंत जुळलं. खांब पावणेपाच फूट. नानीएवढा, म्हंजी माझ्याएवढा, म्हणून दोघं हसली. कैलास म्हणाला, मावशी, आत तुमची जाऊबाई निघाली. मी म्हटलं, नीट शोध, तुझी सासू बी सापडंल.

१० जानेवारी
आज खांब तिसऱ्या जाळीपाशी घातला, तवा जुळलं.

१२ जानेवारी
दुसऱ्या. कैलास आता हसत न्हाई.
धूर सोडायचं मशीन बिघडलं, म्हणून सुमय्यानं माझी धुपाची उददाणी मागितली. निखाऱ्यावर लोबान टाकून भुयाराच्या तोंडाशी उभी राहिले. धूर आत गेला, दुसऱ्या जाळीपाशी फाटला, पुढं परत एक झाला. मधी रिकामी जागा. डोकं. खांदे. मग ती जागा धुरातनं माझ्याकडं चालत —
पळाले. आई सांगायची, परक्या जागी फिरवलेला लोबान पेटता घरात आणू नये. अर्धा उरला होता, टाकवला न्हाई. पेटताच आणला.

१३ जानेवारी
आज भुयारातली हवा खांबाशिवाय जुळली. पोरीनं पेढे वाटले. माझा मी पदराला बांधला. तितं न्हाई, मग कुटं?

१४ जानेवारी
खोलीत जागोजागी लोकर बांधली. खिडक्या बंद, पंखा बंद. भरदुपारी चुलीपाशी धागा वळला. मग दारातला. मग सुमय्याच्या उशाशी, ती झोपलेली — तासभर वाकडाच.
उठली ती गार. ओठ निळे. थंडी वाजत न्हाई म्हणते.

१५ जानेवारी
पोरीचे हात बर्फ. दवाखान्यात म्हणाले, काही न्हाई. असं कसं काही न्हाई? आणखी एक दिवस तिच्या उशाशी बसलं तर —
ते धुरामागं येतं. मीच आणलं, मीच नेणार. कैलासला सांगितलं, मी बाहेर आले की भुयाराचं लोखंडी दार लाव, कडी घाल. कशाला ते विचारू नको.

तीच तारीख, भुयारात
बॅटरीच्या उजेडात लिहिते. मागचे धागे एकेक वळले — आलं. चौथ्या जाळीपाशी धुमसती उददाणी ठेवली. आता बिनधुराचं माघारी —

पाय उचलंना.

चौथ्या जाळीचा धागा वळला. तिसऱ्या. दुसऱ्या. दाराकडं चाललंय —

दारात सुमय्याचा आवाज. तिला कुणी आणलं हितं? म्हणते, आली बघा नानी, कैलासभाऊ, लावा दार. अगं, हात किती गार तुझा. चल घरी —

ओरडते, आवाज फुटंना — सुमे, ती मी न्हाई, सोड हात, मी अजून हितं —

कडी