देवयानीचा डबा

प्रिय देवयानी,

आधी बातमी ऐक, अनिमेष निर्दोष सुटला! संकठामातेची ओटी भरून आले आणि पहिलं पत्र तुलाच लिहायला बसले. फोनवर मला नुसतं रडू येतं, मग तू दटावतेस.

तुझ्या आठवणीशिवाय दिवस जात नाही गं. आरतीच्या गर्दीत कुणाचा तरी मोबाइल गेला आणि पोलिसांनी माझ्याच पोराला उचललं. कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार इथलाच, बनारसचा हवा म्हणे. गणपतीत एका पंगतीला बसणारी आपली एवढी मराठी मंडळी! कुणाचे कागद सापडेनात, कुणाचे नेमके तेव्हाच गुडघे दुखायला लागले. दिरांनी तर फोनच उचलला नाही. आणि तू, ना नात्याची ना गोत्याची, बालाजी घाटावरची शेजारीण, घराचे कागद घेऊन कचहरीत उभी राहिलीस. वर पोर घरी आलं त्या दिवशी डबाभर शिरा! तुझं नाव कोरलेला तो डबा अजून माझ्याकडेच आहे. शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करायचा? लाडू केले, चिवडा केला, पण तुझ्या उपकारापुढे काही मनालाच येईना. तू लेकीकडे इंदूरला राहायला गेलीस, तरी डबा आपला फळीवरच.

परवा जेवता जेवता अनिमेष पहिल्यांदाच तुरुंगाबद्दल सांगायला लागला. बराकीत इतकी माणसं कोंबलेली, की पाळीपाळीने झोपायचं. बलियाचा विष्णु म्हणून एक होडी चालवणारा होता. अनिमेष तापाने फणफणला तेव्हा विष्णुने आपली पाळी याला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसून राहिला. त्या विष्णुला तर अनिमेषच्याही आधी जामीन मंजूर झालाय! पण गावाकडे एकटी म्हातारी आई, इथे ओळखीचं कुणी नाही. म्हणून तो अजून आतच आहे. गुन्हा सिद्ध नाही, शिक्षा नाही, तरी आत. हा कुठला न्याय गं? जेवण तसंच टाकून मी कपाटातून घराचे कागद काढले.

दिरांना कळलं तर म्हणतील, वहिनीचं डोकं फिरलंय. विष्णु पळाला तर घरावर जप्ती येईल, हे मलाही समजतं. भीती वाटते. मग वाटतं, तुला वाटली नसेल का? तू कधी दाखवलं नाहीस.

सोमवारी मी घराचे कागद घेऊन विष्णुसाठी कचहरीत उभी राहणार आहे. कुणाला विचारलं नाही, फक्त तुला सांगतेय. तो बाहेर येईल त्या दिवशी तुझ्याच डब्यात शिरा भरून तुरुंगाच्या दाराशी जाईन. मग डबा घासून तुला पाठवते. रिकामा आला म्हणून रागावू नकोस हं.

तुझीच भित्री,
इंदू