चौथा बोल्ट

६ फेब्रुवारी, मंगळवार

चार नवे बोल्ट गेले, जुने आले तीन!

सकाळपासून मोडीचा डबा तीनदा उपडा केला. वर्कशॉपात निघालेला प्रत्येक जुना बोल्ट आधी माझ्या वहीत येतो, मग डब्यात जातो. चांगला असेल तर घासून, तेल लावून परत वापरायला. नसेल तर मोडीला. बावीस वर्षांचा नेम आहे. हे थट्टा करतात — तुझ्या वहीत नोंद नसेल तर देवसुद्धा बोल्टाला हात लावायचा नाही. करू देत थट्टा.

शनिवारी नर्सबाईंची जीप तयार होऊन गेली. पुढचा जुना बंपर काढून जाड लोखंडी बसवला, त्यावर विंच — पोलादी दोर गुंडाळलेला रूळ. गाडी चिखलात रुतली की दोर झाडाला बांधायचा, मग गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. बंपर चार बोल्टांवर. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. नवे चार मीच मोजून दिले होते. जुने चार परत यायला हवेत.

तीन मिळाले, गंजाने फुगलेले. चौथा नाही. डब्याच्या तळाला मात्र एक नवाकोरा बोल्ट, डोकं नसलेला. तुटलेला नाही. तुटतो तेव्हा दातेरी तुटतो. हा करवतीने कापलाय, सपाट.

डोकं कुठे गेलं?

७ फेब्रुवारी, बुधवार

प्रार्थनेला बसले तरी डोळ्यांपुढे तो बिनडोक्याचा बोल्ट.

उठून फडताळ उघडलं. लोखंडाला लोखंड चिकटवायचं ते दोन नळ्यांचं औषध. मागच्या वर्षी दाराच्या मुठीसाठी आणलं होतं. मुठीला लागलं असेल वाटाण्याएवढं. दोन्ही नळ्या चपट्या.

तिथेच खाली बसले. सगळं कळलं. चौथा जुना बोल्ट निघालाच नाही. गंजून जाम झालेला असणार. पाना लावून जोर केला तेव्हा डोकं तुटून हातात आलं, दांडा चासीच्या, गाडीच्या सांगाड्याच्या, आत तसाच राहिला. तो काढायचा म्हणजे पुरा दिवस. भावजींनी तर संध्याकाळी गाडी देतो म्हणून परस्पर सांगून टाकलेलं. मग ह्यांनी नव्या बोल्टाचं डोकं कापलं आणि भोकावर चिकटवलं. बाहेरून बघणाऱ्याला चार. आत तीन.

जेवताना विचारलं. म्हणाले, उजवीकडचा खालचा तेवढा नाही, तीन पुरतात, एकेक बोल्ट हत्ती पेलेल असा आहे. मी म्हटलं, मग चौथा काय शोभेला लावतात? दोर ओढला की उजव्या अंगाचा सगळा भार एकट्यावर. मला शिकवू नकोस म्हणाले. मी म्हटलं, शिकवत नाही, तुम्हीच शिकवलेलं परत सांगतेय.

ताट अर्धं ठेवून उठले. लग्न झाल्यापासून पानात टाकलेलं पाहिलं नव्हतं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

भावजी सकाळीच हजर. ह्यांनीच कळवलं असणार. गिऱ्हाइकं आणणं, गोड बोलणं हे भावजींचं काम. पान्याला हात लावायचा झाला तर आधी रुमाल शोधतील.

म्हणाले, वहिनी, हिशेब तुमचा, गाड्या आमच्या. मी चहा गाळत होते, गाळत राहिले. म्हणाले, अशी गोष्ट बाहेर गेली तर दारात कुत्रंही उभं राहणार नाही. मी म्हटलं, नर्सबाई शनिवारी वर डोंगरात जायच्या आहेत. तिथे दोन बायकांचे दिवस भरलेत. येताना गाडीत बाळंतीण असेल. तो एकटा बोल्ट तुटला आणि दोर सुटून काचेतून आत आला, तर दारात कोण उभं राहील तेही सांगा.

"बघून घेऊ तेव्हा," म्हणाले.

"मी आत्ता बघतेय," मी म्हटलं.

आणि हेही सुनावलं की ह्यांच्या हातून बावीस वर्षांत ही एकच चूक झालीय. एक आहे तोवर ती दुरुस्त होते. हे दारात उभे होते, ऐकत होते. मला वाटलं आता चिडतील. खाली बघत आत निघून गेले. एवढी लाज वाटली असेल तर बरंच आहे, असं तेव्हा मनात आलं.

चप्पल घातली आणि निघाले. भावजी फाटकापर्यंत मागे आले, जाल तर परत तोंड दाखवू नका म्हणाले. घर कोणाचं, बोलतंय कोण!

दवाखान्याच्या मागे नर्सबाई जीपच्या चटया धूत होत्या. वाटेत किती वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. सरळ पुढे जाऊन बसले, उजवीकडच्या खालच्या बोल्टाला पिशवीतल्या पान्याने टक् केलं. डोकं माझ्या तळहातावर पडलं. खाली पांढरट चिकट, बस्स.

त्यांनी हातातली ओली चटई खाली ठेवली. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"रविवारी ओढली होती मी गाडी याच्यावर," म्हणाल्या. "ओढ्यात."

मागे कोण होतं हे विचारायचं धैर्य झालं नाही. त्यांनीच सांगितलं — नववा महिना.

मी हात जोडले. म्हटलं, गाडी आत्ता माझ्याबरोबर द्या, शनिवारी उजाडताच उभी करते. त्यांनी विचारलं, करणार कोण? तोच माणूस?

"मी," म्हटलं.

हे तोंडातून कसं निघालं देवालाच ठाऊक. त्याला ठाऊक असेल तर निभावून नेणंही त्याच्याकडेच.

त्यांनी स्वतः जीप आणून सोडली. हे बाहेर आलेच नाहीत. मी बंपर उतरवायला घेतला. तिन्ही नवे बोल्ट गुमान निघाले. बंपरचं वजन मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं. खाली लाकडाचे ओंडके रचले, त्यावर टेकवत टेकवत उतरवला. पायावर घेतला असता तर भावजींना पेढे वाटायला कारण झालं असतं.

आत भोकात तुटका दांडा दिसतो. काळा, हट्टी. तारेच्या ब्रशने गंज झाडला, गंज सोडवायचं तेल सोडलं, हातोडीने हलके हलके ठोकलं — तेल आट्यांत उतरावं म्हणून. ह्यांचं जुनं बोलणं आहे, तेल आणि देव दोघांनाही वेळ द्यावा लागतो. आज आठवून रागच आला. एक दिवस वेळ द्यायला काय झालं होतं?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बोटाला चिंधी गुंडाळलीय म्हणून अक्षर असं.

सकाळी पुन्हा तेल. मग ब्लो-लॅम्प पेटवून भोकाच्या भोवतीचं लोखंड तापवलं. किती वेळ तापवायचं ते ह्यांच्या शेजारी बसून बसून माहीत आहे. मी लहानपणची पाठ असलेली प्रार्थना म्हणत मोजते; दोनदा पुरी झाली की बस. तापलं, निवू दिलं, परत तेल. दांड्याच्या तोंडाला छिन्नी लावून उलट्या अंगाला ठोकलं. ढिम्म. दहा वेळा ठोकलं. छिन्नी घसरून बोटाची साल गेली.

नाही तर नाही. मग ड्रिल.

नियम माहीत आहे: आधी पंचने बरोब्बर मधोमध खूण. मग बारीक ड्रिल, मग मध्यम, मग जाड. दांडा आतून पोखरत न्यायचा, कडेचे आटे न दुखावता. शेवटी नुसती साल उरते, ती टोचून सोलून काढायची. नियम पाठ आहे हो, पण हातात ड्रिल घेतल्यावर कळलं, आपण बावीस वर्षं फक्त पाने हातात देत होतो.

बारीक ड्रिल लावला. लोखंडाचा कुरळा कीस निघू लागला. मनात म्हटलं, जमतंय की.

"वाकडं चाललंय."

मागे दारात हे. दोन दिवसांनी पहिला शब्द.

मी ड्रिल बंद केला नाही. म्हटलं, वाकडं चालत असेल तर सरळ करा, नाहीतर दारातली सावली तेवढी बाजूला घ्या. जाऊन बॅटरी आणली, माझ्या शेजारी उकिडवे बसले, भोकावर उजेड धरला. ड्रिल खरंच कललेला होता, केसभर. "कोपर वर घे. अजून. आता दाब नको, त्याच्या वजनाने जाऊ दे." त्यांनी हात पुढे केला तेव्हा वाटलं आता ड्रिल मागतील. मी देणार नव्हते. त्यांनी फक्त तेलाचे थेंब सोडले.

मध्यम ड्रिल झाल्यावर मी ती उलट्या आट्यांची खुंटी उचलली — भोकात घालून उलटी फिरवायची, तुटका बोल्ट तिला चावून बाहेर येतो म्हणतात. त्यांनी मनगटच धरलं. म्हणाले, जाम बोल्टात ही तुटली तर ती ड्रिललाही दाद देत नाही, मग चासी कापायची पाळी. मी म्हटलं, म्हणजे तुमच्याकडे आणखी एक डोकं चिकटवायची पाळी. लागलं त्यांना. मला लावायचंच होतं.

खुंटी मात्र खाली ठेवली. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

दुपारी जेवणं राहिली. जाड ड्रिल गेला, आट्यांची साल उरली. बारीक छिन्नीने टोक उचकटलं, पक्कडीत धरलं, ओढलं... आणि एक गुंडाळी सरसर बाहेर आली, स्प्रिंगसारखी. एवढीशी! तळहातावर ठेवली तर वजनही लागेना. एवढ्याशाने आमचं घर दोन दिवस पेटवलं होतं.

मग आटे साफ केले. आटे पाडायचा टॅप घालून अर्धा फेरा पुढे, पाव मागे, तेल. अर्धा पुढे, पाव मागे. नवा बोल्ट ग्रीस लावून बोटांनी फिरवला. बोटांनीच शेवटपर्यंत गेला. मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. धुराने असेल.

बंपर दोघांनी उचलला.

१० फेब्रुवारी, शनिवार

उजाडताच नर्सबाई आल्या. मी त्यांच्या हातात हातोडी दिली आणि म्हटलं, चारही स्वतः ठोकून बघा. बघितले. मग ह्यांच्यासमोर म्हणाल्या, काम कोणी केलं? हे म्हणाले, हिनं. आणि वर म्हणाले, मागचं मी केलं होतं.

नर्सबाईंनी हातोडी ह्यांच्या हातात दिली. "पुढच्या वेळी वेळ लागणार असेल तर वेळ लागेल म्हणून सांगा," एवढंच बोलल्या. गाडीत बसल्या, गेल्या.

भावजींचा फोन — गोष्ट बाहेर गेली, दोन गिऱ्हाइकं फिरली, आता खूश ना? मी म्हटलं, खूश आहे. आणि जी राहतील त्यांना यापुढे तारीख मी सांगणार, तुम्ही नाही. फोन ठेवला त्यांनी. ठेवू देत.

वहीत लिहिलं: जीप, जुने बोल्ट चार. तीन अखंड, एक गुंडाळी. हिशेब जुळला.

संध्याकाळी निरोप आला, नर्सबाई सुखरूप खाली आल्या. वाटेत एकदा दोर लावावा लागला. मुलगी झाली.

११ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थना आटोपून उठले तर हे समोर उभे. हातात वहीचा फाडलेला कागद, माझ्याच वहीचा. त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात गाड्यांचे नंबर. पाच.

"हेही," म्हणाले.

मी कागद घेतला. पहिल्या नंबराच्या मालकाला फोन लावून त्यांच्या हातात दिला, आणि ड्रिल काढायला गेले.