आक्काताईच्या तापाच्या पाल्याची निरवानिरव

मी, आक्काताई यल्लाप्पा माळगे, वय ७४, राहणार राधानगरी, पूर्ण शुद्धीवर आहे आणि फार खुशीत आहे. वकील म्हणाले, खुशी लिहायची गरज नाही. असू दे. कुणाच्या दडपणाविना, स्वहस्ते लिहिते ते असे:

१. घर व भाताचे शेत मुलगा प्रसेनजीत यास. त्याने आधी माडीचा जिना दुरुस्त करावा. नऊ वर्षे "करतो की" ऐकते आहे.

२. थंडीतापाचा पाला. सासूबाई धोंडुबाईंनी तो माझ्या कानात सांगितला आणि बजावले, "सुनंबिगर कुणाला सांगितलंस तर गुण जाईल बग." घराण्याची रीत अशी, की बाहेरच्याने फारच पिच्छा पुरवला तर एक गोष्ट उलटी सांगायची. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतली श्रुती मलेरियाच्या संशोधनासाठी आली, तेव्हा पाला खरा दिला आणि म्हटले, "चांगला उकळ." तो खरे तर वाटून गार पाण्यात भिजवायचा. बिचारीने दोन वर्षे उकळला. प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीतले जंतू ढिम्म! तिचे साहेब काम बंद करणार, म्हणून माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून ती रडली. मला माझीच लाज वाटली. म्हटले, "पोरी, उकळू नगंस. मी खोटं सांगितलं हुतं."

प्रसेनजीत भडकला, "आये, घरचं औषध भाईर दिलंस व्हय?" बाळा, तू चव्वेचाळीस वर्षांचा, अजून बिनलग्नाचा. सुनेची वाट मी किती बघायची?

३. म्हणून पाटा-वरवंटा, भिजवायचे मडके आणि पाल्याचे आमच्या घरातले नाव घातलेले बंद पाकीट श्रुतीला. नाव इथे लिहीत नाही, वकील बोलके आहेत. शोध छापला तर धोंडुबाईंचे नाव आधी, माझे नंतर. एखाद्या कंपनीने हक्क सांगितलाच तर प्रसेनजीतने भांडावे. भांडण त्याला चांगले जमते.

४. श्रुती म्हणते, बशी वेगळी, माणूस वेगळा. तेव्हा ताप आला की सर्वांनी रक्त तपासून सरकारी गोळीच घ्यावी.

५. खरे सांगितल्यापासून पंधरा दिवस मला अन्न गोड लागले नाही. गुण गेला तर? काल श्रुतीने स्वतः खुडून, वाटून, भिजवून पाहिले. मी तिकडे फिरकलेही नाही. फोनवर ओरडली, "आक्का, मेले! सगळे मेले!" मी शेजारच्या मोनाला ओढून अंगणात फुगडी घातली.

गुण माझ्या हातात नव्हता, पाल्यातच होता. आता मला मरायला हरकत नाही. घाई मात्र कुणी करू नये.

साक्षीदार: दिलदार मुल्ला, शिंपी (सही), मोना पोवार, अंगणवाडीसेविका (सही)

आक्काताई यल्लाप्पा माळगे (सही)

कोल्हापूर, १९ सप्टेंबर २०२४