ट्रेंच नंबर चारमधली राख

१२ जानेवारी
नवी वही. हिच्यात फक्त खरं लिहायचं, इतरांसाठी फील्डबुक आहेच. आजपासून टेकडीवरचं उत्खनन सुरू. खाली शेतकऱ्यांची वस्ती आहे, लोखंड कुणाला माहीत नव्हतं त्या काळातली. मला ट्रेंच नंबर चार. संचालक (माझ्या हाताखाली शिकला, अजून मला दादा म्हणतो) म्हणाला, कोपऱ्यातला आहे, शांतपणे काम करता येईल. म्हणजे महत्त्वाचा आहे, फक्त बोलायचं नाही, असं. सव्वीस वर्षं खणतोय, एकाही रिपोर्टवर लेखक म्हणून माझं नाव नाही. मे महिन्यात रिटायर होणार. या वेळी नाव लागल्याशिवाय मी टेकडी उतरत नाही.

१५ जानेवारी
खाली प्रमुखाचं घर आहे. दगडी. पुरावा अजून नाही, पण मला आतून कळतं. वस्ती म्हटली की प्रमुख आला, आणि प्रमुख काही कुडाच्या झोपडीत राहणार नाही.
संकल्प : दर चार बोटांवर थांबून मातीचा रंग आणि खोली लिहायची. नियम म्हणजे नियम. दगड लागले की सुरू करतो.

१९ जानेवारी, दुपार
वरची माती काळी, भुसभुशीत, राखेची. नुसता वेळ खाते. मुकादम म्हणाला, साहेब, राख फार आहे, हळू जाऊ या का? म्हटलं, राख कुठे नसते, चालव फावडं. मी कुणाचं घर पाडतोय असा बघत राहिला. जुना माणूस आहे, पण दृष्टी नाही.
फील्डबुकात : माती. विशेष काही नाही.

२१ जानेवारी
दोन दिवसांत कमरेइतकं खाली. इतका वेग आख्ख्या टेकडीवर कुणाचा नाही. मध्येच भाजलेल्या मातीचे तुकडे लागले, कुडाचे ठसे असलेले. कूड म्हणजे झोपडी, आपल्या कामाची नाही. ढिगाऱ्यावर टाकले.
फील्डबुकात : कालच्यासारखंच.

२३ जानेवारी
बियांवाल्या बाई आल्या. जुनं धान्य हा त्यांचा विषय. दिवसभर पिंपात माती कालवतात आणि वर तरंगेल ते बारीक चाळणीने टिपतात. बिचाऱ्या. ढिगाऱ्यातली माती नेऊ का, असं विचारलं. म्हटलं, न्या हो, सगळी न्या, मला जागा होईल. अडतीस गोण्या नेल्या. प्रत्येक गोणीवर खोली काय लिहू, म्हणून मागे लागल्या होत्या. नंतर देतो म्हटलं.

२९ जानेवारी
लागला! सपाट, रुंद दगड. प्रमुखाचा उंबरठा! बायकोला फोन केला. ती म्हणाली, बरं झालं, आणि येताना इस्त्रीचे कपडे आणा. घरात कुणाला काही पडलेलं नाही.

६ फेब्रुवारी
उंबरठा बारा फूट झाला. अजून वाढतोय. प्रमुख मोठा माणूस असणार.

९ फेब्रुवारी
संचालकाने न सांगता एक भूगर्भवाला आणला. त्याने हातोडीने दोनदा ठोकलं आणि सांगितलं, हा टेकडीचा मूळ खडक आहे, दोन्ही उतारांपर्यंत असाच जातो. चहासुद्धा न घेता गेला. संचालक खाली मान घालून उभा. ज्याला मी ब्रश धरायला शिकवलं, त्याने माझ्या उंबरठ्याचा खडक करून टाकला.

१३ फेब्रुवारी
सगळा कॅम्प बाईंच्या तंबूत. ताटलीत जळके दाणे, ओंजळभर. जव आणि मसूर. इतकं साठवलेलं धान्य या भागात कुणालाच मिळालेलं नाही म्हणे. जळालेल्या घरातलं कोठार होतं. कुठलं घर? तर माझ्या ट्रेंचमधलं. माझ्या मातीतून, मला न विचारता! विचारलं होतं, पण धान्य आहे हे सांगितलं नव्हतं. याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं?
संचालक हळूच म्हणाला, दादा, टेकडीवर शाबूत असलेलं तेवढं एकच घर होतं. बाकीची नांगराने कधीच गेली.

१६ फेब्रुवारी, सकाळी नऊ
बाई स्वतः आल्या. मी बोलणारच नव्हतो. त्या म्हणाल्या, "रिपोर्टवर पहिलं नाव तुमचं असायला हवं. ट्रेंच तुमचा आहे. दाण्यांचं वय लॅब सांगेल, पण घर फक्त तुम्हीच सांगू शकता. राख किती खाली लागली, जमीन कुठे होती, चूल कुठल्या कोपऱ्यात, एवढं द्या."
पहिलं नाव! मी उठून त्यांना खुर्ची दिली. संध्याकाळपर्यंत देतो म्हटलं. बाई तशा चांगल्या आहेत, मी कधीपासून म्हणतोय.

त्याच दिवशी, दुपारी चार
फील्डबुक तीनदा वाचलं. मग मुकादमाला बोलावलं. जमीन कुठे होती, आठवतं का? तो म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणालात काही नाही. मग मी बघायचंच सोडलं." सव्वीस वर्षं बरोबर काम केलेला माणूस असं बोलतो.
शेवटी ही वही चाळली. हिच्यात इस्त्रीच्या कपड्यांचीसुद्धा नोंद आहे.

१७ फेब्रुवारी
बाईंना सांगितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेन उघडून यादीत माझ्यादेखत लिहिलं : जव आणि मसूर, ढिगाऱ्यातून, जागा अज्ञात. म्हणाल्या, कुणीतरी तिथे सुगीचं धान्य भरून ठेवलं होतं, आता त्यांचं घर कुणाला कधीच दाखवता येणार नाही. लेखकाचं नाव विचारायचा मला धीर झाला नाही.
मन फार दुखलंय. माझा घात झालाय, यात शंका नाही. कुणी केला ते लिहायला बसलो, तर दोन तास झाले, पान कोरंच आहे.