कुत्रा गेला त्या दिवशीचा मार

अण्णा, गेल्या रविवारी सकाळी मी एका माणसाला त्याच्या गाडीतून ओढून काढून मारलं आणि मग घरात येऊन तुमच्या नातीला मारलं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, ती एकोणीसची आहे. आमचा कुत्रा मेला म्हणून हे सगळं झालं. उद्या ती घर सोडून इथल्याच विद्याधर नगरला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला जाणार आहे, आणि ती जायच्या आत मला तिला एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती जिभेवर येत नाहीये. म्हणून आज सुट्टी टाकून तुम्हाला लिहायला बसलोय. झालान्याच्या सरकारी ऑफिसात दिवसभर मी लोकांच्या पत्रांना उत्तरंच लिहीत असतो. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे आज भाषा सांभाळणार नाही.

आपला कुत्रा गेला तो दिवस तुम्हाला आठवत होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या डाव्या भुवईवर तो अजून आहे. मी अकरा वर्षांचा. आपलं रेल्वेचं क्वार्टर. यार्डात डबे इकडून तिकडे नेणारं इंजिन तुम्ही चालवता, आणि ड्यूटी संपत आली की क्वार्टरांच्या मागून जाताना दोन छोट्या आणि एक लांब अशी शिट्टी मारता. नियमात ते बसत नाही, पण ती ऐकली की आई चुलीवर तवा चढवते. आपल्या कुत्र्यालाही ती शिट्टी पाठ झाली होती. ती झाली की तो सुटायचा तो थेट रुळांवर, इंजिनाच्या बाजूने धावायचा, आणि तुम्ही वरून त्याला हाका मारून हसायचात. एकदा चाकाखाली येता येता वाचला, तेव्हा तुम्ही मला काम लावून दिलंत की शाळेतून आल्यावर सहाच्या आत त्याला साखळी घालायची. मी एक दिवससुद्धा चुकलो नाही. त्या दिवशी तुम्ही लवकर सुटलात आणि शिट्टी चार वाजताच मारलीत. मी अजून शाळेच्या रस्त्यावर होतो. मला ती ऐकू आली आणि आनंद झाला, अण्णा आज लवकर येणार म्हणून.

मी दारात पोचलो तेव्हा तुम्ही त्याला गोणपाटात घेऊन अंगणात उभे होतात. गोणपाट खालून गळत होतं. त्याचा मागचा भाग त्यात होता की नाही, मला कळलं नाही. तुम्ही त्याला खाली ठेवलंत, पट्टा काढलात आणि "तुला एक काम सांगितलं होतं ना? एक!" म्हणत मारायला लागलात. माझं दप्तर अजून पाठीवर होतं, म्हणून पहिले दोन-तीन त्याच्यावरच बसले. मग तुम्ही दप्तर ओढून काढलंत. बकल भुवईवर लागलं, डोळ्यांत रक्त आलं, आई मध्ये पडली तर तिच्या मनगटावरही एक बसला. शेजारचे गार्डसाहेब धावत आले आणि बिचारे म्हणाले, "अरे छोड़ो भाई, कुत्ता ही तो था, दूसरा आ जाएगा." तुम्ही त्यांचा गळा धरून त्यांना भिंतीला लावलंत. त्यांचा चष्मा फुटला. तिघांनी मिळून तुम्हाला सोडवलं. आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवसापासून सगळ्या क्वार्टरांत कौतुक सुरू झालं की माणसाचा कुत्र्यावर जीव किती होता! माझ्या टाक्यांकडे बघत बायका आईला हेच सांगायच्या. मीही पुढे चारचौघांत तसंच सांगत आलो. माझे अण्णा फार हळवे होते, कुत्रा गेला तेव्हा वेडेपिसे झाले होते, असं. त्यानंतर तुम्ही शिट्टी मारणं बंद केलंत. आईने तवा कधी चढवायचा हे घड्याळात बघायला सुरुवात केली. ती का बंद झाली, हे घरात कुणीच तोंडातून काढलं नाही.

आता रविवारचं सांगतो. शास्त्री नगरच्या आमच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं, त्यात पाण्याचे मोठे जार, इथे कॅम्पर म्हणतात ते, पोचवणाऱ्या पिकअपवाल्यांना सकाळी भारी घाई. मी कोपऱ्यावर कचोरी घ्यायला उभा होतो. ब्रेक ऐकला, मग आमच्या कुत्र्याचं ओरडणं ऐकलं. नऊ वर्षांचा होता, माझ्या मुलीने रस्त्यावरून उचलून आणलेला. मी पोचलो तेव्हा तो पाय झाडत होता आणि मी बघत असतानाच थांबला. ड्रायव्हर खाली उतरतच नव्हता, म्हणून मी दार उघडून त्याला कॉलरला धरून ओढला आणि तोंडावर मारत सुटलो. माझी बोटं त्याच्या दातांवर फुटली. बरं वाटत होतं, अण्णा. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं. तो एकाच वाक्याला धरून होता: "साब, गेट तो आपका खुला पड़ा था!" लोक जमले होते, त्या सगळ्यांनी ते ऐकलं. मी त्याला सोडला, घरात आलो आणि जिन्यावर उभ्या असलेल्या पोरीला विचारलं, "गेट कोणी उघडं टाकलं?" उत्तराची वाट पाहिली नाही. तीन थपडा मारल्या. तिसरीला तिच्या कानातलं तुटून पाळीतून रक्त आलं. "अहो, सोडा तिला, मराल तुम्ही माझ्या हातून!" असं बायको ओरडली तेव्हा थांबलो.

गेट मीच उघडं टाकलं होतं. स्कूटर काढली आणि नंतर लावतो म्हणून तसाच गेलो. तिला पहिली थप्पड मारताना मला हे माहीत होतं. आणि त्याच क्षणी तुमचंही कळलं, चाळीस वर्षांनी. तुम्हालाही पट्टा काढताना माहीत होतं, शिट्टी कोणी मारली ते.

कुत्र्याला पुरायला तीच गेली, दोन किलो मीठ घेऊन, सुजलेल्या तोंडाने. शेजाऱ्यांची जीप मागून घेतली होती, तिच्यात मला बसू दिलं नाही. गल्लीच्या ग्रुपवर दिवसभर हात जोडलेली चित्रं येत राहिली, आणि समोरचे काका मला म्हणाले, "आपका दुख समझते हैं जी, बच्चे जैसा था." मला समजून घेतलं, बघा. तिच्या कानाबद्दल कुणी विचारलं नाही. पाच दिवस ती माझ्याशी बोललेली नाही.

वरचं सगळं सकाळी लिहिलं. आता दुपारचे तीन वाजलेत. मघाशी उठून तिच्या खोलीत गेलो. ती पुस्तकं खोक्यात भरत होती. मी दारातच उभं राहून सांगून टाकलं की गेट मी उघडं टाकलं होतं. ती पुस्तकं भरतच राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होता, पप्पा. मतलब, मी गॅलरीत होते. मी बघितला तुम्हाला, गेट खुला सोडून जाताना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही अजून मारलं असता."

मी म्हणालो, "नाही गं, बेटा." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खोक्याला टेप लावायला घेतली.

तुमच्याशी खोटं बोलून मला काही मिळायचं नाही, अण्णा. मारलं असतं.