पुढच्या तारखेचं कार्ड

६ मार्च
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर आणि घरमालकीण गप्पिष्ट. ऑफिसात आधीच्या माणसाची खुर्ची, त्याचा कप, सगळं तयार मिळालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच. काम कर्मचाऱ्यांची संगणकातली कार्डं सांभाळायचं. मुख्य मशीनवर कार्डात बदल केला की त्याला नवा क्रमांक द्यायचा. फाटकावरची, कॅन्टीनमधली, बाकीची सगळी मशिनं मोठा क्रमांक असलेलं कार्डच खरं मानतात, लहान क्रमांकाकडे ढुंकूनही बघत नाहीत. संध्याकाळी आईला फोन केला. घरी ती एकटीच असते, माझा फोन आल्याशिवाय जेवत नाही.

९ मार्च
क्रमांक हाताने लिहून कंटाळले, म्हणून आपोआप क्रमांक देणारी एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. ती मशीनकडून तारीख घेते, वर्ष, महिना आणि दिवस ओळीने मांडते आणि शेवटी दोन आकडे जोडते. चाचणी माझ्याच कार्डावर घेतली. आकडा आला २०२३०३१९०१. म्हणजे मशीनचं घड्याळ पुढे पळालेलं, एकोणीस तारीख दाखवत होतं. ते लगेच दुरुस्त केलं, पण दिलेला क्रमांक मागे घेता येत नाही; एकोणीसपर्यंत माझं आजच्या तारखेचं कार्ड त्याच्यापुढे लहानच ठरणार. साहेब हसत म्हणाले, एकोणीस उजाडेपर्यंत तुमचं काही खरं नाही.

११ मार्च
फाटकावरचा रखवालदार म्हणाला, मॅडम, तुम्ही तर मघाशीच आत गेलात. कॅन्टीनवाल्या मावशींनीही ताट दिलं नाही, तुमचं जेवण झालंय म्हणाल्या. मी थट्टेवारी नेलं. पोट मात्र रिकामंच राहिलं.

१३ मार्च
आईला फोन केला तर ती गोंधळली. आत्ताच तर बोललीस, म्हणाली. नोकरी सोडून कायमची घरी येतेय असं मीच तिला सांगितलं म्हणे. इतकी खुशीत होती की मला नाही म्हणवेना. फोन ठेवल्यावर रडले.

१६ मार्च
घरमालकीण जिन्यात भेटली, बोलली नाही. ऑफिसात कुणी मान वर करत नाही. साहेबांसमोर कितीतरी वेळ उभी होते. आईचा फोन सतत व्यस्त. ती माझ्याशीच बोलत असेल का?

१८ मार्च
उद्या एकोणीस. उद्या मी तिच्या, त्या पुढच्या तारखेच्या ‘मी’च्या, बरोबरीला येईन. मग सगळे पुन्हा बघतील माझ्याकडे. एवढंच धरून बसलेय.

१९ मार्च
सकाळी कार्ड उघडलं. क्रमांकात सव्वीस तारीख. मी हात लावला नव्हता. ती पुढेच जातेय — मी कधीच गाठणार नाही —

दुपारची बस धरली. आता आईकडे, आमच्याच घराच्या जिन्यात बसून लिहितेय. आईने दार उघडलं होतं. माझ्याकडे पाहिलं, ओळख नाही. मी आई म्हटलं. ती घाबरली, म्हणाली, माझी मुलगी आत जेवतेय. आतून माझ्याच आवाजात कुणीतरी विचारलं, कोण आलंय गं. आई दार लोटता लोटता म्हणाली, कुणी नाही —

कडी पुन्हा वाजतेय. आई नाही. पावलं माझ्यासारखी, डावा पाय किंचित घासत — ती बाहेर ये